सात नंबरच्या दालनातला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक. ओकच्या लाकडाचा, उंच पाठीचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कलासंग्रहालयात, सात नंबरच्या दालनात मी चाळीस वर्षं उभा आहे. सुताराने मला इतकं गुळगुळीत केलं होतं, की लोक बसण्याआधी हात फिरवून बघायचे. आता माझा एक कोपरा फुटलाय, एक पाय करकरतो. कुणाचं लक्ष नाही. असो.

माझ्यासमोर गोदीतल्या जहाजाचं मोठं चित्र आहे. ते बघायला दर बुधवारी फोल्के आजोबा यायचे. सारी हयात त्यांनी गोदीत जहाजांचे पत्रे जोडले होते. दालनावर लक्ष ठेवणारी गुनवोर त्यांना चिडवायची.

“आलात? अहो, आमच्याकडे दुसरीही चित्रं आहेत!”

“असू देत. या शहाण्याने नांगर भलत्याच बाजूला काढलाय. सुधारतो का, ते बघायला येतो मी.”

एवढं बोलून दोघं गप्प. चित्रासमोर बसलेल्या माणसाशी इथे कुणी बोलत नाही. तो मोठा उद्धटपणा समजतात.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी, अडीचच्या सुमारास, आजोबांनी माझी कड घट्ट धरली. मग हात सुटला, खांदा कलला, टोपी खाली पडली. श्वास चालू होता, मला पाठीला जाणवत होता. पण त्यांना ना हलता येत होतं, ना बोलता.

शाळेची मुलं आली. “श्श! आजोबा चित्र बघतायत, मध्ये जाऊ नका,” बाई कुजबुजल्या. मुलं बिचारी चवड्यांवर चालत गेली. एका तरुणाने टोपी उचलून अलगद शेजारी ठेवली आणि पाय न वाजवता निघून गेला. गुनवोर तीनदा डोकावली. तिसऱ्यांदा हसून स्वतःशीच म्हणाली, “आज तंद्री लागलीय स्वारीची!”

अगं, विचार ना त्यांना! मी आतल्या आत ओरडत होतो. निदान पाय तरी करकरावा, तर मेला तोही नेमका गप्प.

पाच वाजता ती जवळ आली. “फोल्के, चला, बंद करायचंय.” तोवर श्वास थांबला होता. तासभर आधी कळतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

आता गुनवोर बसलेल्या प्रत्येकाला विचारते, “बरं वाटतंय ना तुम्हाला?” लोक दचकतात, तक्रारी करतात. साहेबांनी तिला दोनदा समज दिलीय. तरी ती विचारतेच, आणि बुधवारी माझ्यावर बसलेल्याला तर दोन-दोनदा.

मित्रांनो, माझा कोपरा फुटका राहिला तरी चालेल. पण कुणी एकटं, फार वेळ गप्प बसलेलं दिसलं, तर शिष्टाचार खुंटीला टांगा आणि विचारा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.