शंखावरचं भोक

पुन्हा सुरुंग उडाला आणि शंखांचा अभ्यास करणाऱ्या ज्युलिटाच्या टेबलावर चुनखडीची धूळ कोसळली. खाणीसाठी फोडल्या जाणाऱ्या सबाह प्रांतातल्या त्या टेकडीखेरीज, तिच्या सूक्ष्मदर्शकाखालची मोहरीएवढी ही गोगलगाय जगात कुठेच नव्हती. खाणीचा मुकादम लोजिमिन दारात दात काढत उभा होता. "एवढ्याशा ठिपक्यासाठी किती ऊर बडवाल, मॅडम?"

ज्युलिटाने मानगूट धरून त्याचं तोंड सूक्ष्मदर्शकावर आपटलं. "शंख दिसतोय? बोल, कसा आहे?"

त्याच्या नाकातून रक्त ठिबकत होतं. "वेटोळी... त्यांवर पंखांसारखे कंगोरे... तोंड पिळून वर वळलेलं. आणि एक भोक!"

"बिनशंखाच्या गोगलगायीनं पाडलंय. त्यातून आतला जीव ओरपला." ज्युलिटाने पकड आवळली. "पण तिनं निदान शंख तरी मागे ठेवला, मेल्या. तू काय ठेवलंस?"