तीन म्हटल्यावर

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. दागिना नव्हे हं! जाड सुती कापडाचा, चार बोटं रुंद, दातेरी लोखंडी बक्कल असलेला पट्टा. सध्या तर मी एकाचे दोन झालो आहे. ते कसं झालं, हे क्रमाने सांगतो.

ज्या कारखान्यात मी विणला गेलो, तिथले माझे भाऊबंद पिशव्यांना आणि सामानाच्या बॅगांना लागले. माझ्या नशिबी माणसांच्या कमरा आल्या. घरी ज्यांना कुणी उचलू शकत नाही अशा म्हाताऱ्या, आजारी माणसांचं एक मोठं शुश्रूषालय होतं. तिथल्या व्यायामाच्या हॉलमध्ये दाराशेजारच्या खुंटीवर मी राहायचो. काम साधं होतं. पेशंटच्या कमरेभोवती मला आवळायचं, मागून मुठीत धरायचं आणि त्याला उभं करायचं, चालवायचं. तोल गेला तरी पडू द्यायचं नाही. हात घसरतो, सदरा फाटतो, मी मात्र सुटत नाही. या गोष्टीचा मला फार ताठा होता.

मला धरणारी बाई फिजिओथेरपीची साहाय्यक होती. पंचेचाळिशीची, बुटकी, मनगटं पैलवानासारखी. मोठ्या मॅडम कागदावर व्यायाम लिहून देत आणि ही बाई तो घाम गाळून करून घेई. दिवसभर तिच्या तोंडी एकच घोष, "एक, दोन, तीन, उठा!" म्हणून पेशंटांनी तिचं नाव उठाबाई ठेवलं होतं. तिचा नवरा एकदा विसरलेला डबा द्यायला आला. हे नाव ऐकून तो म्हणाला, "घरी मलाही सकाळी याच आरोळीवर उठवते. फक्त पट्टा नसतो." हॉलभर हशा पिकला. नवरा त्या दिवशी डबा ठेवून पळाला.

म्हातारी माणसं म्हणजे शांत आणि गोड, असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा त्यांचा आखडलेला गुडघा वाकवून बघा. एक निवृत्त मुख्याध्यापिका असे चिमटे काढायच्या, की नखाचा ठसा दोन दिवस राहावा. एका शिंपीआजोबांनी उठाबाईला चावा घेतला, तेव्हा त्यांची कवळीच तिच्या दंडाला लटकून राहिली. तिच्या हातांवर नेहमी डाग असत. निळा म्हणजे आजचा, हिरवा चार दिवसांचा आणि पिवळा मागच्या आठवड्याचा. मी खुंटीवरून ते वाचायचो. तासाभराने तीच माणसं तिचा हात धरून रडायची, आणि तीही म्हणायची, "जाऊ द्या हो, मला कुठे लग्नाला जायचंय!"

मग खाणवाले आजोबा आले. उंच, हाडापेराने दणकट, सगळा जन्म दगडाच्या खाणीत गेलेला. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा पाय लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. घशातून नुसता 'आ' निघे. डावा हात मात्र लोखंडाच्या पहारीसारखा शाबूत. त्यांची बायको सत्तरीची, चाळीस किलोचं पाखरू. मोठ्या मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजी, पलंगापासून संडासापर्यंत दहा पावलं ते कुणी न धरता चालू लागले, की खुशाल घरी न्या. त्याआधी नेलंत तर तुम्ही उचलणार कशा?"

"दहाच ना? घ्या करून," आजी म्हणाल्या. "मला ते रिकामं घर खायला उठतं."

व्यायामाच्या वेळी नातेवाइकांनी दाराबाहेर थांबायचं, असा तिथला नियम होता. आजी बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. उठाबाईने मला आजोबांच्या कमरेला आवळलं, समोर वॉकर ठेवला आणि म्हणाली, "एक, दोन, तीन, उठा!"

आजोबा उठले. उठता उठता डाव्या हाताने त्यांनी तिची मान पकडली आणि तिचं डोकं थेट जमिनीकडे दाबलं. वाटेत वॉकरची दांडी होती. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. ती पालथी पडली आणि आजोबा आपला सगळा भार घेऊन तिच्या अंगावर कोसळले. तिचं रक्त माझ्यावर सांडलं. तो डाग तीन धुण्यांतही गेला नाही.

दुसऱ्या खेपेला वॉर्डातले मामा मदतीला आले. ते मोठ्या मिशांचे, वॉर्डबॉयच्या कामात वीस वर्षं मुरलेले गडी. त्यांचा पुढचा दात फरशीवर टणटणत गेला. तिसऱ्या खेपेला एका नर्सचा खांदा निखळला. दर वेळी तोच प्रकार, मान धरायची, खाली आपटायचं, वर पडायचं. "मारतो तो मारतो, वर अंगावर लोळतो. चावट आहे म्हातारा," अशी कुजबुज सुरू झाली. उठाबाईने रजिस्टरमध्ये तीनदा एकच शब्द लिहिला, हिंसक. शुश्रूषालयाचे साहेब तो वाचून म्हणाले, "आणखी एकदा असं झालं, तर व्यायाम बंद. मागच्या कुलपाच्या वॉर्डात हलवा."

त्या वॉर्डातून कुणी स्वतःच्या पायांनी बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही.

पुढच्या दुपारी हॉलमध्ये गर्दी होती. आजोबा चाकाच्या खुर्चीत आपल्या पाळीची वाट बघत होते. नाकाला प्लास्टर लावलेली उठाबाई पडद्यापलीकडच्या दुसऱ्या पेशंटकडे निघाली, तशी मामांनी वाट अडवली.

"ताई, हा असा मोकळा बसला तर माझा दुसरा दात जाईल. पट्टा द्या, खुर्चीला बांधतो."

"पट्ट्याने बांधायचं नसतं मामा. तुम्हाला माहीत आहे."

"पाच मिनिटं हो! आधी आरशात नाक बघा, मग मला नियम सांगा."

उठाबाईचा हात नाकाकडे गेला. मग तिने मला खुंटीवरून काढलं आणि मामांच्या हातात दिलं.

मामांनी मला कमरेला नाही, छातीवरून घेतलं. खुर्चीच्या पाठीला गुडघा लावून असं ओढलं, की आजोबांचा श्वास अर्ध्यावर थांबला. "आणि हा दातासाठी," असं म्हणून त्यांनी आजोबांच्या मुस्काटात एक ठेवून दिली. गालावर चार बोटं उमटली. मित्रांनो, आजोबांचा डावा हात तेव्हा पूर्ण मोकळा होता. तो मांडीवरून हललाही नाही. ज्याला सगळे मारकुटा म्हणत होते, तो मार खाऊन नुसता बघत राहिला. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं, पण माझं कोण ऐकतं?

एवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "एक, दोन, तीन, उठा!"

आजोबांनी खुर्चीसकट त्या आवाजाकडे झेप घेतली. खुर्ची उलटली. ते घसरले, मी छातीवरून वर सरकलो आणि त्यांच्या गळ्याशी जाऊन अडकलो. मी सुटत नाही, हे मघाशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं ना? तसाच, त्याच इमानाने, मी त्यांचा गळा आवळत होतो. शीर माझ्याखाली ताडताड उडत होती. मामा घाबरून बक्कल ओढू लागले. ओढलं की माझे दात आणखी घट्ट चावतात, हे त्या वेळी त्यांना सुचलं नाही. आजोबांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, जीभ बाहेर आली.

गडबड ऐकून आजी नियम मोडून आत घुसल्या. त्यांनी हातातली भरलेली पाण्याची बाटली मामांच्या पाठीत अशी हाणली, की मामा कडेला कोलमडले. पडदा फाडत उठाबाई आली. बँडेजच्या पट्ट्या कापायच्या कात्रीने तिने मला कापायला घेतलं. मी जाड, कात्री बोथट. एक कातर, दुसरी कातर. तिसऱ्या कातरीला मी तुटलो. तुटल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आजोबांनी घरघरत श्वास घेतला. आजींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. उठाबाईने कात्री फरशीवर टाकली. "मी तर पलीकडे होते," ती म्हणाली. "मी हातही लावला नव्हता हो."

"तुम्ही मोजलंत का?" आजींनी विचारलं.

"काय?"

"तीन म्हणालात का?"

"आम्ही सगळ्यांनाच म्हणतो, आजी."

आजींनी कपाळावरचे केस मागे सारले. तिथे एक जुना, बोटभर व्रण होता. "अहो बाई, हे खाणीत सुरुंग लावायचे. चाळीस वर्षं. वात पेटवली की एक, दोन, तीन ओरडायचे आणि तीनला जो उभा दिसेल, त्याला मान धरून आडवा करायचे. दगड लागू नये म्हणून वर स्वतः पडायचे. सगळे आडवे झाले की नाही ते बघितल्याशिवाय स्वतः कधी आडवे झाले नाहीत. घरी पोरं लपाछपी खेळताना तीन म्हणाली, तेव्हा हे माझं कपाळ फुटलं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी तीन मोजत नाही."

"मग आधी सांगितलं का नाहीत?"

"मला विचारलं कुणी? मला म्हणायचे, बाहेर बसा."

उठाबाई फरशीवरच बसली. तिचं मोडलेलं नाक, मामांचा दात, नर्सचा खांदा. ज्याने हे सगळं मोडलं, तो माणूस दर वेळी त्यांना वाचवायला धावला होता.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं लिहून दिलं. पट्टा मीच दिला, हेही लिहिलं. तिला ताकीद मिळाली, मामांचा महिन्याभराचा पगार कापला गेला. कुलपाचा वॉर्ड टाळायला तिने आजोबांसाठी दोन आठवडे मागून घेतले. आता आजी आत बसू लागल्या. मोजणं बंद झालं. उठाबाईची पंधरा वर्षांची सवय; 'एक' म्हटलं की ती स्वतःची जीभ चावायची. पण नुसतं "चला" म्हटलं, की आजोबा मुकाट्याने उठायचे. दोन आठवड्यांत ते काठीच्या आधाराने सहा पावलांपर्यंत आले. सहाच्या पुढे पाय जाईना.

मुदतीच्या दिवशी साहेब आणि मोठ्या मॅडम हॉलमध्ये आले. मी पुरावा म्हणून पिशवीत, दोन तुकड्यांत, टेबलावर. आजोबा काठी घेऊन उभे, मागे उठाबाईच्या मुठीत नवा पट्टा. साहेब समोरच्या खिडकीशी होते. त्यांच्याकडे आलेले कागद ते सही करण्यापुरतेच उघडायचे. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला जरा उत्साह द्यावा. टाळी वाजवून ते म्हणाले, "शाब्बास! चला आजोबा, एक, दोन, तीन!"

आधी आजी आडव्या झाल्या, डोक्यावर हात घेऊन. दारात उभे असलेले मामा दुसरे. चालत्या पेशंटचा पट्टा सोडणं हे उठाबाईच्या कामातलं सगळ्यात मोठं पाप. तिने तो सोडला, मॅडमच्या कोटाला धरून त्यांना खाली ओढलं आणि स्वतः पालथी झाली. मॅडमचं कोपर फरशीवर सडकून आपटलं.

आजोबांनी एकेकाकडे पाहिलं. आजी आडव्या. मामा आडवे. बाई आडवी. मॅडम आडव्या. एकच माणूस उभा होता, लांब, खिडकीशी.

ते निघाले. धरायला कुणी नव्हतं. पहिली तीन पावलं पडली. चार, पाच, सहा. सातव्याला उजवा पाय फरफटला, काठी सुटली, मी पिशवीतल्या पिशवीत कळवळलो. ते पडले नाहीत. आठ. नऊ. दहा. अकराव्या पावलाला त्यांनी साहेबांची मान धरली आणि त्यांना जमिनीवर आपटलं. साहेबांचा चष्मा फुटला, ओठ फाटला. त्यांच्या डोक्यावर आपला डावा हात पसरून आजोबा वर पडून राहिले.

हॉलमध्ये कुणी हलेना.

"अहो, उठा आता," आजी पडल्या पडल्याच म्हणाल्या. "फुटला सुरुंग." मग मॅडमकडे मान वळवली. "अकरा झाली हो. कागद करा."

चौथ्या दिवशी ते दोघं घरी गेले.

मित्रांनो, मी आता कपाटात पडून आहे. मला शिवून घ्या, असं मी म्हणणार नाही. कुणाच्या गळ्याला आवळलेला पट्टा पुन्हा कुणाच्या कमरेला लागू नये. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात, तुमच्या ओळखीत एखादं आजारी माणूस बोलू शकत नसेल आणि हात उगारत असेल, तर त्याला बांधायला पट्टा शोधू नका. दाराबाहेर त्याचं कुणीतरी बसलेलं असेल. त्याला आत बोलवा आणि विचारा, की यांनी आयुष्यभर काय काम केलं.