दादासाठी सूप

चमच्याच्या कडेनं खरवडलं की आल्याची साल मुकाट्यानं निघते—सुरी लावली तर निम्मं आलं सालीबरोबर जातं. हे आईनं शिकवलेलं. सगळं आईनंच शिकवलेलं, आणि आई मात्र...

बाहेरच्या खोलीत तिचा दादा खोकला. काल दुपारी त्याचा फोन आला होता. "ताप उतरत नाहीये. तुझी वहिनी माहेरी गेलीय. येऊ का दोन दिवस?" ती चटकन "ये" म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला जो आनंद झाला त्याची तिलाच भीती वाटली. आयता सापडला!

पाण्याला उकळी आली. आलं, ठेचलेला लसूण, गाजराच्या चकत्या. सूप चांगलंच व्हायला हवं होतं. बेचव सूप देणं हा पोरकट सूड झाला असता. शिवाय त्याला नावं ठेवायला जागा मिळाली असती. नाही. पहिल्याच घोटाला त्याचा घसा निवावा, खांदे सैल पडावेत, आणि मग...

आई त्याच्याकडे आजारी होती तेव्हा तो दर फोनला म्हणायचा, "बरी आहे. धावत येऊ नकोस, तुझं तोंड बघून तीच रडत बसेल." आणि एके सकाळी—"काल गेली. सगळं आटोपलं. तुला प्रवासाची दगदग नको, म्हणून कळवलं नाही." दगदग! त्या दिवसापासून हा शब्द माझ्या घशात अडकलाय, माशाच्या काट्यासारखा. माझी बॅग भरलेली होती, दादा. दाराशी ठेवलेली होती.

तिनं नूडल्स मोडून पाण्यात सोडल्या. त्या मऊ पडेपर्यंत अंडं फेटलं आणि बारीक धारेनं आत ओतलं. पांढरे-पिवळे धागे वर आले. मिरपूड, मीठ, लिंबू. घेतलं चाखून. उत्तम.

दादा उशीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. वाडगा ओंजळीत धरून तो नुसती वाफ घेत राहिला, मग प्यायला. दोन-चार घोटांनंतर त्याचे खांदे खरंच सैल पडले.

"आईच्या हातचं वाटतंय," तो म्हणाला. मग वाडग्यातच बघत, "शेवटी शेवटी ती माझ्याशी बोलायचीच नाही गं. भिंतीकडे तोंड करून पडायची. तुला फोन करायची ना? माझ्याबद्दल काही म्हणाली कधी?"

म्हणाली होती. शेजारणीच्या फोनवरून, सुतासारख्या बारीक आवाजात. 'दादावर रागावू नकोस. मला न्हाऊमाखू तोच घालतो. त्याच्यापुढे उघडं व्हायची लाज वाटते गं, म्हणून त्याच्याकडे बघवत नाही मला. तोंडानं फटकळ, पण हात किती हलका आहे त्याचा...' एवढं सांगितलं तर हा माणूस या क्षणी, इथे, माझ्यासमोर बरा होईल.

"नाही," ती म्हणाली. "तुझा विषयच निघाला नाही."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. इतके महिने ज्यासाठी थांबले ते आता दिसेल... पण तो चमकला नाही की दुखावला नाही. त्यानं फक्त मान हलवली—हे उत्तर त्याला केव्हापासून पाठ असल्यासारखी—आणि चमच्यानं नूडल्स गोळा करू लागला. म्हणजे जी शिक्षा आपण एवढी जपून आणली, ती तो आधीपासूनच भोगत होता? आणि ते वाक्य... ते अजून माझ्याचकडे आहे. द्यायचं नाही ते रागानं, की दिलं तर आईचं माझ्या एकटीचं असं काहीच उरणार नाही म्हणून? तिला काही केल्या ठरवता येईना. राग होता, पण तो आता कुणाकडे तोंड करून उभा आहे हे कळत नव्हतं.

दादानं रिकामा वाडगा पुढे केला. "अजून आहे?"

"आहे," ती म्हणाली. आणि बसूनच राहिली.