टॉवेलचं माप, साडीचं माप

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. पितळी चौकटीतलं, घडी घालून खिशात मावणारं, कापडाचे धागे मोजणारं. "दाक्षायणी, ते मागावरचं भिंग हाय. बारीक अक्षरं वाचत बसू नगंस त्यानं, डोळं जातील की तुजं," असं नागव्वा सुनेला दारातच म्हणाल्या होत्या. सून नुसती हसली, मला पिशवीत टाकलं आणि कॉलेजच्या वाटेला लागली.

आधी थोडं मागचं सांगतो. माझ्या चौकटीत बरोबर एक इंचाची खिडकी आहे. मला कापडावर टेकवायचं, खिडकीतले धागे मोजायचे, की वीण दाट का विरळ ते कळतं. दाक्षायणीच्या सासऱ्यांच्या मागावर मी वर्षानुवर्षं राबलो. व्यापारी म्हणायचे, "भिंगानं पास केलंय न्हवं? मग बांधा गठ्ठा!" पुढं सासरे गेले, माग विकला, आणि मी बटणांच्या डब्यात काळा पडत राहिलो.

दाक्षायणी कॉलेजच्या ग्रंथालयात अर्धा दिवस काम करायची. तिची तान्ही लेक रुद्राणी टेबलाशेजारच्या झोळीत. १९७६ साली एका प्राध्यापकाला संशोधनासाठी वर्षभर पगारी रजा मिळणार होती. उमेदवार दोघं, एक रसायनशास्त्राचे सर आणि दुसरे तिला पूर्वी गणित शिकवलेले वीरभद्रप्पा सर. वीरभद्रप्पा सरांची निवृत्ती तोंडावर आलेली. ही रजा हुकली, तर त्यांचं भूमितीतलं काम अर्धंच राहणार होतं.

प्राचार्यांनी पुण्याहून एक जाडजूड सूची आणवली. कुणाच्या लेखांचा आधार इतर किती संशोधकांनी घेतला, हे तिच्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं. म्हणून माझी आठवण झाली. रसायनाच्या सरांचे निघाले साठ आधार. वीरभद्रप्पा सरांचे सात.

"सात?" प्राचार्य म्हणाले. "अहो, आमच्या पुतणीच्या बारशाला याहून जास्त माणसं हुती की!"

सगळे हसले. दारात उभे असलेले वीरभद्रप्पा सर निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते ग्रंथालयात फिरकले नाहीत.

दाक्षायणीला चैन पडेना. लेकीचं तोंड पुसता पुसता तिचा हात टॉवेलवर थांबला. तिनं मला टॉवेलवर टेकवलं, मग स्वतःच्या पदरावर. आणि तशीच निघाली प्राचार्यांच्या खोलीत, काखेत पोर, खांद्यावर टॉवेल, मुठीत मी.

"सर, जरा बघा. माझ्या पदराहून या टॉवेलात धागे कमी आहेत. मग टॉवेल वाईट का?"

"आगं, टॉवेलची वीण अशीच असती की! त्याला साडीचं माप लावून कसं चालंल?"

"मग गणिताला रसायनाचं माप कसं लावलंत?"

प्राचार्य टॉवेल-चादरींच्या सोलापुरात वाढलेले. चष्मा काढून त्यांनी टॉवेलची वीण बोटांनी चाचपली आणि सूची पुढं ओढली. मग दोघांनी मिळून सूचीतली गणिताची इतर नावं काढली. बहुतेकांना जेमतेम एखाद-दुसरा आधार. रसायनातल्या बहुतेकांना मात्र पन्नास-साठ सहज.

"अय्यय्यो," प्राचार्य म्हणाले, "ह्यो तर गणितातला पैला गडी हाय!"

मी मोजण्यात चुकत नाही, मित्रांनो. पण मला कशावर टेकवायचं आणि कशाशी ताडायचं, हे माणसानंच ठरवायचं असतं.

रजा वीरभद्रप्पा सरांना मिळाली. सांगायला दाक्षायणी स्वतः गेली. सरांनी कागद सुतळीनं बांधून माळ्यावर टाकले होते.

"एवढ्या उन्हात लेकराला घेऊन कशाला आलीस, बाळ?"

ती सांगत गेली. सरांनी स्टूल ओढलं, गठ्ठा खाली काढला आणि सुतळीची गाठ सोडायला बसले. गाठ सुटेना, तेव्हा हसून म्हणाले, "घट्ट बांधलं हुतं की गं मी!"

आता माझी जागा दाक्षायणीच्या टेबलावर आहे. मला मऊ फडक्यानं पुसत जा, एवढंच माझं मागणं. तिचं मागणं मात्र वेगळं आहे, आणि ते तुमच्या कानावर घालायला तिनं मला बजावलंय. आपला आकडा लहान निघाला म्हणून गप्प होऊन घरी बसलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर आजच त्यांच्याकडे जाऊन या. जेवलात का, विचारा. आणि सध्या काय लिहिताय, हेही विचारा.