माझ्यावरून घसरलेले बूट

थांबा, थांबा! माझ्यावर ओल्या चादरी टाकू नका! मी एक जुनी केबलची वायर आहे, मित्रांनो, आणि माझ्या कमरेला एक चिकटपट्टी आहे. ती कशी आली, हे सांगितल्याशिवाय आज मला दम निघायचा नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते जालन्याच्या दुकानातलं भलंमोठं वेटोळं. दुकानदाराने त्यातून मला वीस हात मोजून कापलं आणि झुंबरबाईंच्या पिशवीत, लसणाच्या शेजारी बसून मी हसनाबादला आले. वरून मी काळी, पण आत तांब्याची तार आणि तिच्याभोवती चंदेरी जाळी! आहे की नाही ऐट?

झुंबरबाईंच्या घरी टीव्हीचा बॉक्स होता. गल्लीपलीकडे बेबीनंदाच्या घरी टीव्ही होता, पण बॉक्स नव्हता. झुंबरबाई म्हणाल्या, "एका बॉक्सवर दोन टीव्ही चालतेत की!" झालं! माझं एक टोक त्यांच्या बॉक्सला लागलं, मी खिडकीतून निघाले, गल्ली ओलांडली आणि दुसरं टोक बेबीनंदाच्या टीव्हीत शिरलं. इकडे जे लागेल तेच तिकडे दिसणार. रिमोट मात्र झुंबरबाईंच्या उशाशी.

साडेसात वाजले की माझ्या अंगातून 'एकाच गल्लीतल्या दोघी' ही मालिका धावायची. काय मालिका होती! दोन शेजारी घरं, त्यांत गुपितं, धमक्या, रडारड. आणि शलाका नावाची एक बाई, जी दुसऱ्यांची गुपितं गोळा करून ठेवायची. ती पडद्यावर आली की दोन्ही घरांतून एकदम आवाज यायचा, "आली मेली!"

माझं कौतुकही फार व्हायचं. झुंबरबाई गावाला गेल्या तर घराला कुलूप लावायच्या, पण बॉक्स चालू ठेवायच्या, त्याच चॅनलवर. "बेबीची शिरेल बुडायला नको," म्हणायच्या. कुलूपबंद घरातून मी शेजारणीसाठी मालिका घेऊन जायचे. सांगा, कोणत्या वायरीला असा मान मिळतो?

आता ऐका खरी गंमत. मालिकेतल्यासारखं एक गुपित आमच्या गल्लीतही होतं!

बेबीनंदाची मुलगी ज्योत्स्ना पोलीसभरतीसाठी रोज पहाटे धावायची. आईला पोरीची पोलिसातली नोकरी नको होती, म्हणून तिला सांगायची, "आकांक्षाला गणित शिकवायला चालले." आकांक्षा म्हणजे झुंबरबाईंची नात, नववीतली. ज्योत्स्नाचे धावायचे बूट झुंबरबाईंच्या कपाटात असायचे. त्या तिघींशिवाय हे फक्त मला ठाऊक होतं. आणि माझ्या पोटात काही राहत नाही हो, सगळं आरपार जातं!

एका रविवारी ज्योत्स्ना चिखलाने भरलेले बूट घेऊन आली. आकांक्षाने ते धुतले, नाड्यांची गाठ मारली आणि आपल्या खिडकीपाशी माझ्यावर वाळत टाकले. इथेच घात झाला. झुंबरबाईंची खिडकी उंच, बेबीनंदाची ठेंगणी. बूट निघाले घसरत! मी अंग आखडलं, पण वायरीने आखडून आखडून किती आखडावं? गल्ली ओलांडून ते थेट मिरच्या निवडणाऱ्या बेबीनंदाच्या नाकासमोर जाऊन थांबले. आत निळ्या पेनने लिहिलं होतं, 'ज्योत्स्ना'.

"ज्योते! हे काय हाय?"

ज्योत्स्नाने खाली मान घालून सगळं सांगितलं. बेबीनंदा तशीच गल्लीत आली. "मावशी, तुम्हाला ठावं होतं?"

"व्हतं," झुंबरबाई खिडकीतून म्हणाल्या. "पोरगी तुला भेती, म्हणून बूट हितं ठिवू दिले."

"माझ्या पोरीचं गुपित तुमच्या कपाटात! अन् मी इथं येडी! मंग तुमच्यात अन् त्या शलाकेत काय फरक?"

शलाका म्हणाली! तेही झुंबरबाईंना!

"मला शलाका म्हणती? आजपासून बॉक्स बंद! बघू शिरेल कुठं बघती!"

"तुम्ही काय बंद करता? मीच तोडते!"

बेबीनंदाने कात्री आणली आणि खच्! मी तिच्या खिडकीपाशी दोन तुकडे होऊन लोंबकळले. बूट गेले लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप लागलं. आणि बरोबर आठ दिवसांनी, सोमवारी, ज्योत्स्नाची मैदानी चाचणी होती!

सहा दिवस मी तशीच लटकत राहिले. एका शेळीने माझं टोक चावून पाहिलं आणि थुंकून दिलं. इतका अपमान माझा कधी झाला नव्हता.

शनिवारी महाएपिसोड होता. शलाकाचं बिंग फुटणार होतं! पण त्याच दुपारी झुंबरबाई नातेवाइकांकडे बारशाला जांब समर्थला निघाल्या. जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात आकांक्षा पळत ज्योत्स्नाकडे आली. "ताई, आजीनं बॉक्स बंद केलाच न्हाई. नुसतंच बोलली. आताबी चालू ठिवलाय, त्याच चॅनलवर!"

सात वाजून वीस मिनिटांनी ज्योत्स्ना ब्लेड घेऊन खिडकीत चढली.

"काय करू राह्यली?" आतून बेबीनंदा.

"वायर जोडू राह्यले."

"मी बघणार न्हाई, सांगून ठिवते."

ज्योत्स्नाने गल्लीत लोंबणारा तुकडा वर ओढून माझी दोन्ही टोकं सोलली. तारेला तार पिळली. सात पंचवीस! बेबीनंदाला राहवेना. ती मोबाईलची बॅटरी धरून मागे येऊन उभी राहिली. "अगं, जाळी तारेला शिवू देऊ नको, मुंग्या येतेल पडद्यावर!"

"आई, चिकटपट्टी?"

"घरात कुठली चिकटपट्टी?"

तशी ज्योत्स्नाने पाय वर घेतला आणि टाचेवरची पट्टी टर्रकन काढली. बेबीनंदाच्या हातातला उजेड त्या टाचेवर पडला आणि तिथेच थांबला. टाच सोलून लाल झाली होती.

"हे काय गं?"

"पळून झालं."

"बूट तर पेटीत हायेत."

"म्हणूनच तर. अनवाणी पळते."

"दुखत न्हाई?"

"पळताना न्हाई दुखत. घरी आल्यावर दुखतं."

बेबीनंदाने ती पट्टी लेकीच्या हातातून घेतली आणि स्वतःच माझ्या कमरेला गुंडाळली, घट्ट! साडेसात! माझ्या अंगातून झिणझिण्या निघाल्या आणि पडद्यावर शलाका उभी राहिली! पण आज "आली मेली" कोणी म्हणालंच नाही. बेबीनंदा समोरच्या दाराच्या कुलपाकडे बघत होती.

पहिल्याच जाहिरातीला फोन वाजला.

"बेबे, दिसू राह्यलं का?"

बेबीनंदाने फोन कानाला घट्ट लावला. "दिसू राह्यलं, मावशी."

"मंग गप काय बसली? सांग ना जल्दी! हितं पावण्यांनी क्रिकेट लावलंय!"

आणि मित्रांनो, बेबीनंदाने अख्खा महाएपिसोड फोनवर सांगितला, रडत, हसत, शलाकाचा आवाज काढत! सांगता सांगताच तिने कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि बूट ज्योत्स्नाच्या मांडीवर ठेवले. फोन कानाला तसाच. "न्हाई हो मावशी, पेटी वाजली. बूट काढले पोरीचे. हां, तुमचंच खरं! आता पुढचं ऐका..."

सोमवारी ज्योत्स्ना मैदानावर धावली. निकाल अजून लागायचा आहे. पण तिचे बूट आता रोज माझ्यावरच वाळतात आणि ते घसरू नयेत म्हणून बेबीनंदा स्वतः माझ्याभोवती नाडीची निरगाठ मारते.

मी आता जुनी झाले आहे. पट्टीपाशी पाणी शिरलं की पडद्यावर मुंग्या येतात. म्हणून एवढंच मागते. मला ताणू नका, माझ्यावर चादरी टाकू नका. बूट चालतील! आणि भांडण झालं तर खुशाल भांडा, दाराला कुलूपही लावा. पण मित्रांनो, आतला बॉक्स तेवढा चालू ठेवा.