न वाजलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुना लाल टेलिफोन आहे. माझ्या तबकडीवरचे आकडे झिजले आहेत. एका प्रश्नाने मात्र अजून माझा गोंधळ उडतो. त्या दिवशी मी वाजलो होतो का?

१९९७ साली मी पोलादपूरला अब्बासभाईंच्या कचेरीत आलो. त्यांचे दोन ट्रक डोंगरावरच्या खाणीतून खडी आणत. खाणीची वाट इतकी अरुंद, की समोरासमोर आलेल्या ट्रकांना बाजूला व्हायला जागा नव्हती. म्हणून खाणीतला फोन सांभाळणाऱ्या राहीबाई आणि अब्बासभाई यांनी नियम केला. ट्रक निघण्यापूर्वी समोरच्या फोनवर दोन घंटा द्यायच्या. समोरचा ट्रक आधीच वाटेवर असेल, तर तिकडून एक घंटा येई. तिचा अर्थ ‘थांबा’. चहा संपेपर्यंत घंटा आली नाही, तर वाट मोकळी. फोन कोणी उचलत नसे.

“ह्या फोनच्या जिवावर माझे ट्रक चालतात,” असे अब्बासभाई पाहुण्यांना सांगत. मी फुगून जाई.

दीड वर्षाने त्यांची मुलगी तूबा सुट्टीला आली. ती कॉलेजात संगणक शिकत होती. घंटांचा नियम तपासायला तिने कॅलेंडरच्या पाठीवर वर्तुळे काढली. त्यांत ‘उभा’, ‘विचारले’, ‘वाटेवर’ असे लिहिले आणि ती बाणांनी जोडली. दोन ट्रकांसाठी दोन चिंचोके घेतले. एकही बाण न सोडता ती ते सरकवू लागली. खालचा ट्रक चालवणारा तिचा भाऊ मुदस्सर दोन घंटा देऊन चहा पीत बसला होता.

“अब्बा, थांबायची घंटा पोचलीच नाही, तर दोन्ही चिंचोके वाटेवर येतात.”

“दीड वर्षात कधी आले?” अब्बासभाई हसले. “चिंचोक्याला ब्रेक नसतो गो. माझ्या ट्रकला हाय.”

“भरलेला ट्रक त्या उतारावर थांबतो का?”

मुदस्सरचा कप रिकामा झाला. मी गप्पच होतो. तो उठला, तशी तूबाने किल्ली उचलून मुठीत धरली.

“चिंचोके आता मुकादम झाले काय?” तो चिडला, पण बसला.

दहा मिनिटांत खडीने भरलेला ट्रक खाली उतरला. त्याचा ड्रायव्हर भरत आत आला.

“राहीबाईनं थांबायची घंटा दिली, माझ्या म्होरं दिली. तुमाला ऐकू नाय आली?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मुदस्सरने रिकामा कप खाली ठेवला.

त्याच दिवशी नियम उलटा झाला. फोन उचलून समोरच्याने ‘या’ म्हटल्याशिवाय ट्रक हलणार नाही.

“लाइन मेली तर दिवसभर बसायचं?” मुदस्सरने विचारले.

“खोळंबा होईल. टक्कर होणार नाही,” तूबा म्हणाली.

तिने नव्या नियमाचे सगळे बाण पुन्हा तपासले. चिंचोके एकदाही वाटेवर एकत्र आले नाहीत.

पुढे मोबाइल आले आणि मी फळीवर गेलो. माझी घंटा गंजली आहे. वाजलेली प्रत्येक घंटा मला आठवते. पण न वाजलेली कशी आठवणार? तिकडे राहीबाईंना कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये ती वाजताना ऐकू आली होती. मग ती गेली कुठे?

मित्रांनो, माझ्यावरची धूळ जरूर पुसा. पण मी गप्प असलो, तर त्याला होकार समजू नका. फोन उचला आणि विचारा. घाटात कोणाचा तरी भाऊ असतो.