वहीत नाही, तो हुकूम नाही

मित्रांनो, काचेच्या कपाटात उघडी ठेवलेली, कोपरे वाळवीने खाल्लेली ती जाड वही म्हणजे मी. जनरल क्रिसान्तो यांची हुकूमवही. मनिलातल्या एका छापखान्यात मला बांधली, ती खरं तर चर्चमधल्या बारशांची नोंद करायला. पण स्पॅनिश राजवटीविरुद्ध क्रांती सुरू झाली, आमच्या गावचे पाद्री पळून गेले आणि त्यांच्या रिकाम्या मठात जनरलसाहेबांनी ठाणं मांडलं. तिथल्या कपाटात मी त्यांना सापडले. अशी मी बारसं सोडून लढाईला लागले.

माएस्त्रो दोरोतेओ हे जनरलसाहेबांचे लेखनिक. पूर्वी ते शाळेत शिकवत. साहेब येरझाऱ्या घालत हुकूम सांगत, माएस्त्रो तो सुट्या कागदावर उतरवत, खाली सही होई, आणि मग तोच मजकूर शब्दशः माझ्यात नकलला जाई. भात कुठून आणायचा, कोणत्या खिंडीत कोण बसणार, कोणाला रजा, कोणाला फटके, सगळं माझ्या पोटात. सुटा कागद मात्र वाचून झाला की जाळायचा, म्हणजे स्पॅनिश शिपायांच्या हाती काही लागू नये. म्हणून फौजेत नियमच पडून गेला होता, की वहीत नाही, तो हुकूम नाही.

एवढा मान असूनही मी जळत होते. कोणावर? त्या सुट्या चिटोऱ्यांवर! त्यांचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शब्द तेच, अक्षर तेच; पण ते गावोगाव हिंडणार आणि मी मेजावर बसून राहणार. त्यांना न्यायला सुक्या मासळीची टोपली घेऊन एक बाई यायची. सगळे तिला मानाने आलिंग सबिना म्हणत. कागदाची घडी ती अंबाड्यात खोवायची.

"झडती घेतली तर?" माएस्त्रो दर वेळी विचारायचे.

"घेऊ देत की! मासळीच्या वासानेच मेले दहा पावलं लांब पळतात. अंबाड्यात हात घातलाच, तर चार उवा घेऊन जातील."

परत आली की तिच्या तोंडी त्या कागदांचंच कौतुक. "कप्तान नेमेसियोने कागद आधी कपाळाला लावला हो, थोरामोठ्यांचा हात लावावा तसा. मग उघडला. वाचताना डोळे भरून आले लेकराचे."

मी ऐकायची आणि कुढायची. मला कधी कोणी कपाळाला लावलं? माझ्यावर माएस्त्रो आल्याच्या गरम सालाबातचा पेला ठेवत. त्याचा गोल डाग अजून आहे. शिपाई गुपचूप माझी कोरी पानं फाडून विड्या वळत. तीन पानं अशीच धुरात गेली. सुटे कागद वाचून झाल्यावर जळतात हे आठवलं, की मला तेवढंच बरं वाटायचं. जळा मेल्यांनो, म्हणायची मी मनात.

एके दिवशी ठाण्यातला कागद संपला. दौतीतली शाईही वाळली. दोन्ही आणायला माएस्त्रो शेजारच्या गावी गेले, आणि नेमकी भर दुपारी बातमी आली, की शत्रूची एक तुकडी सरोवरातून होड्यांनी येते आहे. नदीच्या पुलावर कप्तान नेमेसियो साठ माणसं घेऊन बसला होता. तो आता दोन्ही बाजूंनी कोंडला जाणार होता. जनरलसाहेब चार दिवस हिवतापाने अंथरुणाला खिळलेले. ते तसेच उठले, मला ओढलं, कोरं पान काढलं आणि हात थरथरू नये म्हणून शिसपेन्सिल दाबून दाबून लिहिलं: 'नेमेसियो, पूल सोड. सूर्य मावळायच्या आत माणसं घेऊन डोंगरात जा.' खाली सही केली आणि पान टर्रकन फाडलं.

मला दुखलं नाही, मित्रांनो. मला आकाश ठेंगणं झालं! माझंच पान आलिंग सबिनाच्या अंबाड्यात! आता नेमेसियो मला कपाळाला लावणार! नक्कल करायची राहिली, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. त्या चिटोऱ्यांची कशी जिरवली, एवढंच मी घोकत होते.

नेमेसियोने पान वाचलं, जाळलं आणि साठच्या साठ माणसं जिवंत डोंगरात नेली. माएस्त्रो परतले तेव्हा साहेब तापात बरळत होते. तिसऱ्या दिवशी ते वारले. रिकाम्या पुलावरून शत्रू आला आणि नदीकाठची भाताची कोठारं जाळून गेला.

लोक चवताळले. चौकशीला वरून एक कर्नल आला. चर्चच्या अंगणात मेज मांडलं, मेजावर मी. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. सांगायला लाज वाटते, पण त्या घडीलाही मी मनातून फुलले होते.

"मला हुकूम होता," नेमेसियो म्हणाला.

"कुठाय तो?"

"जाळला. नियमच आहे तसा."

"नियम असाही आहे, की वहीत नाही, तो हुकूम नाही. माएस्त्रो, वहीत आहे?"

माएस्त्रोंनी पानं उलटली. पुन्हा उलटली. "इथलं एक पान फाटलंय, कर्नलसाहेब."

"चार फाटलीत. तुमचे शिपाई विड्या कशाच्या वळतात, ते मला ठाऊक नाही होय?"

सबिना गर्दीतून पुढे आली. "कागद मी नेला, साहेब. ह्या हातांनी दिला."

"त्यात काय लिहिलं होतं?"

"वाचता येत असतं तर मासळी कशाला विकली असती? पण मरणाच्या तापातून उठून माणूस काय उगाच लिहील?"

"काय लिहिलं होतं, ते विचारतोय मी."

सबिनाने मान खाली घातली आणि ती रडू लागली.

मी आतल्या आत आक्रोश करत होते. पेन्सिल इतकी दाबलेली, की माझ्या खालच्या पानावर एकेक अक्षर रुतलं होतं. सरळ पाहणाऱ्याला ते पान कोरं दिसे. उन्हात तिरकं धरलं असतं, तर शेंबड्या पोरानेही वाचलं असतं. पण वहीला कुठलं तोंड?

शिक्षा ठरली, गोळी घालायची. नियमाप्रमाणे तो हुकूमही आधी माझ्यात उतरायला हवा होता. माएस्त्रोंनी नेमकं तेच पान उघडलं. आता दिसेल, मला वाटलं, आता दिसेल! त्यांचा टाक खाचांत अडखळला.

"काय झालं?" कर्नलने विचारलं.

"काही नाही. कागद खडबडीत आहे," माएस्त्रो म्हणाले. डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना स्वतःचंच अक्षर दिसत नव्हतं. 'हुकुमाविना पूल सोडून पळाल्याबद्दल' असं त्यांनी जनरलसाहेबांच्या अक्षरांवरच लिहिलं. थोड्या वेळाने चर्चच्या मागे बंदुका वाजल्या.

आता मला हवं होतं ते सगळं मिळालंय. कपाट आहे, वर दिवा आहे, बघायला माणसं आहेत. शाळेची मुलं ते पान मोठ्याने वाचतात. आमच्या गावात भित्र्याला अजून नेमेसियो म्हणतात. परवा त्याची पणती वर्गाबरोबर आली होती. ती कपाटापाशी आलीच नाही, दारात बुटाची नाडी बांधत बसून राहिली. मी हेव्यापायी सुट्या कागदांना नावं ठेवली, पण त्यांनी आपला निरोप पोचवला. माझ्याकडे एकच निरोप होता आणि तो अजून पोचलेला नाही.

पुढच्या महिन्यात मला दुरुस्तीला नेणार आहेत. पानं ओलसर करून, वजनाखाली दाबून सपाट करणार, असं इथली माणसं कौतुकाने बोलत होती. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, पण आधी त्यांना नीट पाहून घ्या. मला सपाट करण्याआधी कोणीतरी हे कपाट उघडा. मला खिडकीपाशी न्या, उन्हात तिरकी धरा आणि त्या मुलीला हाक मारा. पहिल्यांदा तिलाच वाचू द्या.